पुन्हा पुन्हा उद्भवणारी ब्रेकची थरथर

एके काळी मोटार ही श्रीमंतीची खूण मानली जात असे. आज ती मध्यमवर्गीय कुटुंबाच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, लग्नकार्य आणि वर्षातून एखादी तीर्थयात्रा एवढ्या साऱ्यांचा भार ती वाहते. आपण तिच्या रंगाची, काचांची आणि मायलेजची जेवढी काळजी घेतो, तेवढी तिच्या ब्रेकची घेत नाही. ब्रेक लागतो आहे ना, एवढ्यावरच आपले समाधान होते. परंतु ब्रेक लागणे आणि तो निर्दोषपणे लागणे यांत अंतर आहे. या लेखात अशाच एका दोषाचा विचार करावयाचा आहे. तो एकाएकी घात करीत नाही, मात्र दुरुस्त करूनही काही महिन्यांनी परत येतो आणि घरच्यांचा पैसा व मनःस्वास्थ्य दोन्ही खर्ची घालतो.

या दोषाचे लक्षण बहुतेक वाहनधारकांना ठाऊक असते. महामार्गावर ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने जात असता पुढे काही दिसले म्हणून ब्रेक दाबावा, तर स्टिअरिंग हातात थरथरू लागते. कधी पायाखालचे पेडल नाडीसारखे उडते, कधी डॅशबोर्ड खडखडतो. वेग ४०च्या खाली आला की पुष्कळदा सारे शांत होते. गॅरेजमध्ये दाखविले की ठरलेले उत्तर मिळते, "डिस्क आऊट झाली आहे, बदलावी लागेल." डिस्क बदलली जाते, थरथर थांबते आणि आपण निश्चिंत होतो. पाच-सहा हजार किलोमीटर झाले की तीच थरथर पुन्हा हाताला जाणवू लागते. नवी डिस्क इतक्या लवकर बिघडावी कशी, हा प्रश्न त्या वेळी आपण विचारावयास हवा.

डिस्क ब्रेकचे कार्य

डिस्क ब्रेकची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. तिचा खरा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९५३ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार मोटार विजयी झाली आणि जगाचे लक्ष या रचनेकडे वेधले गेले. आज आपल्याकडील बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांवर डिस्क आणि पुष्कळशा लहान मोटारींना मागच्या चाकांवर ड्रम असतात.

रचना साधी आहे. चाक ज्या हबवर बसते त्याच हबवर ओतीव लोखंडाची एक जाड थाळी बसविलेली असते, तीच डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंस कॅलिपरमध्ये एकेक ब्रेक पॅड असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन्ही पॅड थाळीला चिमटीत धरतात आणि चाकाचा वेग उष्णतेत बदलून हवेत जातो. पेडल सोडले की पॅड मागे सरतात, परंतु फार थोडे. थाळी आणि पॅड यांच्यात नावापुरतीच फट उरते.

डिस्क सर्वत्र सारख्या जाडीची असेल तर ही पकड एकसारखी राहते. एखाद्या ठिकाणी ती किंचित जाड आणि समोरच्या ठिकाणी किंचित पातळ असेल, तर जाड भाग चिमटीत आला की पॅड बाहेर ढकलले जातात, ऑइलचा दाब वाढतो आणि पेडल उडते. पातळ भाग आला की पकड सैल होते. अशी घट्ट-सैल पकड चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला होत राहते. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे फेरे घेते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला अकरा फेरे आणि तेवढेच हादरे! याच गतीच्या हादऱ्यांना स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग सहज साथ देतात, म्हणून थरथर एका ठरावीक वेगाच्या टप्प्यात अधिक जाणवते.

हा जाडीतील फरक किती असावा? मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा हाताला जाणवण्यास पुरतो. डोळ्यांना तो दिसत नाही आणि बोटाला लागत नाही. त्यामुळे "पाहिले, डिस्क ठीक आहे" या शब्दांना अर्थ उरत नाही. येथे पाहून भागत नाही, मोजावेच लागते.

दोष परत का येतो?

"डिस्क वाकडी झाली" असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात थाळी तापून वाकण्याचे प्रसंग मानले जातात त्यापेक्षा कमी असतात. बहुतेक वेळा घडते ते वेगळेच. डिस्क सरळ असते, पण ती ज्या हबवर टेकते तो पृष्ठभाग स्वच्छ नसतो. पावसाळ्यात तेथे गंज धरतो. जुनी डिस्क काढली की गंजाचा पापुद्रा हबलाच चिकटून राहतो आणि त्यावरच नवी डिस्क चढविली जाते. पोळपाटाच्या एका पायाखाली बारीक खडा राहिला तर पोळपाट चांगला असूनही डुगडुगतो, त्यातलाच हा प्रकार. हबच्या कडेशी राहिलेला कणभर उंचवटा थाळीच्या बाहेरच्या कडेशी जवळजवळ दुप्पट होतो आणि फिरताना थाळी डावीकडे-उजवीकडे किंचित झुलते.

असे झुलणारी नवी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही, कारण तिची जाडी सर्वत्र सारखीच असते. कॅलिपर त्या झुलण्याला सांभाळून घेतो. पण ब्रेक न दाबताही तिचा एक ठरावीक भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला ओझरता घासून जातो. सहा हजार किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे तीस लाख फेरे होतात. तीस लाख वेळा एकाच जागी घासले गेल्यावर तो भाग थोडा झिजतो. जाडीत फरक पडतो आणि थरथर सुरू होते. गंज राहिला तो दिवस आणि थरथर आली तो दिवस यांच्यात असे काही महिन्यांचे अंतर पडते. त्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही आणि दोष मात्र डिस्कच्या माथी बसतो.

दुसरे कारण चाकाच्या नटांचे. टायरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने नट भराभर आवळले जातात. एक नट प्रमाणाबाहेर घट्ट, दुसरा त्याहून कमी, अशी ओढाताण झाली की हब आणि डिस्क यांवर विषम ताण पडतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळावयाचे असतात. लहान मोटारींसाठी हे माप साधारणतः ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. आपल्या मोटारीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

तिसरे कारण कॅलिपरच्या पिनांचे. त्या गंजून अडकल्या की पॅड मोकळेपणाने मागे सरत नाही, थाळीला चिकटून राहतो, एक चाक इतरांपेक्षा जास्त तापते आणि त्या थाळीची झीज वाढते. हबचे बेअरिंग ढिले असणे हे चौथे कारण. सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश झिजलेले असतील तर ते थरथर निर्माण करीत नाहीत, पण लहानशी थरथर मोठी करून हातापर्यंत पोहोचवितात.

आमच्या घरचे उदाहरण

आमच्या घरातील हॅचबॅक मोटार मुख्यतः सूनबाई वापरतात. नोकरीनिमित्त त्यांचा सांगली-कोल्हापूर असा प्रवास असतो. ४२,००० किलोमीटरच्या सुमारास ब्रेकची थरथर सुरू झाली. एका वर्कशॉपमध्ये दोन्ही डिस्क आणि पॅड बदलण्यात आले. सुमारे सहा हजार किलोमीटरनंतर थरथर परतली. तेव्हा डिस्क लेथवर घासून घेण्यात आल्या. पुढे पाच हजारांवर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस परत नव्या डिस्क बसविताना तेथील सुपरवायझर म्हणाले, "साहेब, सामान चांगलेच टाकले आहे. मॅडमना ब्रेक जरा हळू दाबायला सांगा."

वाक्य साधेच होते, पण त्याचा परिणाम साधा नव्हता. घरात कोणी उघड काही बोलले नाही. तरीही "बायकांच्या हातात गाडी गेली की असेच" या अर्थाचे विनोद जेवणाच्या वेळी होऊ लागले. सूनबाईंनी हळूहळू मोटार नेणे कमी केले आणि एसटीने जाण्यास सुरुवात केली. मी सांगितले, "ताई, चौकशी पुरी होईपर्यंत कोणावर ठपका ठेवायचा नसतो." त्या म्हणाल्या, "अण्णा, मी ब्रेक कधी करकचून दाबत नाही. पण हे सिद्ध कसे करायचे?"

बँकेत ताळेबंद जुळला नाही तर आम्ही प्रथम फरकाचा आकडा पाहत असू. फरक नऊने निःशेष भागला गेला, तर बहुधा कोठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असे. फरकाचे रूपच त्याच्या उगमाचा पत्ता सांगते. येथेही तसेच होते. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळचे किलोमीटर मी वहीत लिहून ठेवले होते. वापर घाटातला असो की सपाटीवरचा, थरथर पाच ते सहा हजारांच्या अंतरानेच परतत होती. चालविणाऱ्याच्या पायाचा दोष इतका नियमित नसतो. चौथ्या खेपेस थरथर आली तेव्हा ती वही घेऊन कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ गॅरेज चालविणाऱ्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो.

त्यांनी प्रथम काहीही बदलले नाही. चाक काढले, डिस्क सर्व नटांनी हबवर घट्ट बसविली, डायल गेज लावले आणि डिस्क हाताने सावकाश फिरविली. डाव्या बाजूला काटा ०.१४ मिलिमीटर हलला. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली. कमाल आणि किमान यांत ०.०२ मिलिमीटरचा फरक निघाला. डिस्क उतरवली तेव्हा हबवर नटांच्या भोवती गंजाचे जुने, दडपून टणक झालेले कडे होते. ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करून पुन्हा मोजले, तेव्हा काटा ०.०४ वर आला. ते म्हणाले, "साहेब, थाळीचा दोष नाही. तिला बसायला दिलेला पाटच वाकडा होता."

डिस्कची जाडी पुरेशी शिल्लक असल्यामुळे ती बदलावी लागली नाही. लेथवर हलका हात फिरवून, नवे पॅड टाकून, पिना साफ करून आणि नट टॉर्क पान्याने आवळून काम पूर्ण झाले. त्यानंतर १८,००० किलोमीटर झाले आहेत. थरथर परतलेली नाही. मोटार आजही सूनबाईच चालवितात आणि ब्रेक पूर्वीसारखाच दाबतात. जेवणाच्या वेळचे ते विनोद थांबले आहेत.

घाटातील हिशेब

सर्वच थरथर गंजामुळे होते असे नाही. काही वेळा ती केवळ घाट उतरल्यावर जाणवते आणि ब्रेक थंड झाले की जाते. हा उष्णतेचा परिणाम होय. त्याचा हिशेब सोपा आहे. माणसे व सामान धरून १,४०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबविताना ब्रेकला सुमारे साडेतीन लाख जूल ऊर्जा गिळावी लागते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपण साधारण पाचशे मीटर खाली येतो. तेवढ्या उतारात सुमारे अडुसष्ट लाख जूल ऊर्जा मुक्त होते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांत काही भाग जातो. तो भाग न वजावता सारी ऊर्जा ब्रेकवर टाकली असे धरले, तर ते जवळजवळ वीस वेळा ८०च्या वेगावरून मोटार थांबविल्यासारखे होते, आणि तेही मध्ये विश्रांती न देता.

म्हणून घाट उतरताना खालचा गिअर वापरावा आणि इंजिनाला मोटार रोखू द्यावी. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. अतिशय तापलेल्या ओतीव लोखंडावर कठीण डाग तयार होतात आणि ते खोलवर जातात. अशी डिस्क लेथवर घासून उपयोग होत नाही, ती बदलणेच इष्ट.

तापलेल्या ब्रेकवर मोटार थांबवून पेडल घट्ट दाबून ठेवले, तर पॅडचा ठसा त्याच जागी डिस्कवर उमटू शकतो. घाट उतरून लगेच चाकांवर थंड पाणी मारणेही टाळावे. मोटार कित्येक आठवडे उभी ठेवावयाची असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर पॅडखालच्या जागी गंजाचा पट्टा उमटतो. थोड्या वापराने तो बहुधा निघून जातो. न गेल्यास तपासणी करून घ्यावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

वाचकांपैकी अनेकांना यंत्राची आवड नसेल. तरीही पुढील गोष्टी कोणालाही विचारता येतील.

१. थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येते की एरवीही? एरवीही येत असेल तर प्रथम टायर आणि चाकांचे बॅलन्सिंग तपासावे.

२. ती स्टिअरिंगमध्ये आहे की आसनाखाली? स्टिअरिंगमध्ये असल्यास संशय पुढच्या चाकांवर, आसनाखाली असल्यास मागच्या चाकांवर जातो. मागचे ड्रम गोलाईत बिघडले तरीही थरथर येते.

३. डिस्क बदलण्यापूर्वी तिचे झुलणे डायल गेजने आणि जाडी मायक्रोमीटरने मोजली का? ते आकडे जॉब कार्डवर लिहून मागावेत. किती फरक चालतो हे प्रत्येक मोटारीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते. झुलण्याची मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते.

४. हबचा पृष्ठभाग साफ केला का? साफ केल्यावर पुन्हा मोजले का?

५. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती अजून जाड आहे का? असल्यास लेथचा विचार करता येतो. डिस्क आणि पॅड बदलावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

६. नट कोणत्या मापाने आवळले? पंक्चर काढल्यावर किंवा टायरची अदलाबदल केल्यावरही हाच प्रश्न विचारावा.

नवे पॅड आणि डिस्क बसविल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर कडक ब्रेक टाळावा. मोकळ्या रस्त्यावर ६०वरून २०पर्यंत वेग सौम्यपणे कमी करावा, मोटार पूर्ण थांबवू नये, थोडे अंतर जाऊन ब्रेक निवू द्यावेत आणि पुन्हा तसेच करावे. असे वीसेक वेळा केले म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांशी नीट जुळतात.

एक खुलासा आवश्यक आहे. निसरड्या रस्त्यावर किंवा एकाएकी जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलला जी जलद फडफड जाणवते, ती एबीएस यंत्रणेची असते. तो दोष नव्हे. अशा वेळी पाय काढू नये. उलट पेडल खोल जाणे, मोटार एका बाजूस ओढली जाणे, जळका वास किंवा लोखंड घासल्याचा आवाज येणे ही लक्षणे दिसल्यास लेख वाचत बसू नये. मोटार सुरक्षित जागी उभी करून मेकॅनिकला बोलवावे.

डायल गेज ही काही फार महागडी वस्तू नव्हे, आणि मोजण्यास अर्धा तास पुरतो. तेवढा अर्धा तास न दिल्यामुळे आमच्या बाबतीत डिस्कच्या दोन जोड्यांचा खर्च झाला आणि एका जबाबदार चालकाला काही महिने संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या. यंत्राचा दोष माणसावर ढकलणे सोपे असते, कारण माणसाला मोजण्याचे गेज नसते. म्हणून आपल्या घरातील मोटारीची थरथर दुसऱ्यांदा परत आली, तर कोणाच्याही ब्रेक दाबण्याविषयी बोलण्यापूर्वी चाक उतरवून मोजमाप करून घ्यावे, एवढीच वाचकांस विनंती आहे.